पारडी किती दूध प्यायली?

गुरांच्या दवाखान्यात नोकरी केलीत की किस्से गोचिडांसारखे अंगाला चिकटतात, झटकून पडत नाहीत! स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मी मुरुडला कंपाउंडर होतो. आमचे दामले डॉक्टर भलतेच उत्साही. म्हैस गाभण राहत नाही म्हणून कुणी आला, की त्यांचा पहिला प्रश्न, "लहानपणी हिला दूध किती पाजलंत?"

माणूस आधी डॉक्टरांकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी गंभीरपणे मान डोलवायचो.

*

एकदा एक बागवाले अण्णा गाभण न राहणारी कालवड घेऊन आले आणि तिच्या बापाचं कुळ सांगायला लागले.

"बाप राहू द्या हो! ही काय प्यायली?" डॉक्टरांनी विचारलं.

"पान्हा सुटेपर्यंत लावत होतो की आचळाला!"

"आणि मग?"

"मग ओढून बांधायचं."

"म्हणजे घंटा हिनं वाजवायची आणि प्रसाद तुम्ही खायचा!"

अण्णा तणतणत गेले. पण पुढच्या वासराला त्यांनी दोन आचळं सोडली म्हणे.

*

हसीनाबींनी शेळीचं एक मरतुकडं पिल्लू बाटलीनं दूध पाजून वाढवलं. मोठेपणी त्या शेळीला जुळी झाली! डॉक्टरांना कोण आनंद! भर बाजारात ओरडले, "ही सगळी बाटलीची करामत!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर सात बायका, प्रत्येकीच्या हातात रिकामी बाटली. "डॉक्टर, ती जुळ्यांची दवा आमाला बी द्या!"

*

आणि धाकूच्या म्हशीची पारडी! चार वर्षांची झाली तरी माजावर येईना. "वांझ हाय. सोमवारी खाटकाला देतो," धाकू म्हणाला. दावं धरून मागे उभी असलेली त्याची बायको जनी रडायलाच लागली.

डॉक्टर भडकले. "हिच्या आईचं सगळं दूध चहाच्या हॉटेलात घातलंस, आणि आता हिलाच वांझ म्हणतोस? अंगच भरलं नाही तिचं! वर्षभर पोटभर खायला घाल, मग बोल!"

धाकूनं कसंबसं ऐकलं. वर्षभरानं दोघं तिला घेऊन पुन्हा आली. डॉक्टरांनी कोपरापर्यंत साबण लावून हात घातला. आम्ही सगळे भोवती जमलो.

"गाभण आहे रे, गाभण!"

मी तर टोपीच उडवली! धाकू पारडीच्या पाठीवर थापा मारत सुटला. जनीनं डोळे पुसले आणि इतक्या माणसांत नवऱ्याला मोठ्यानं म्हणाली, "आवं, मग आजपासून आपल्या सुमीच्या पेल्यात बी दूध घाला. पोरीची जात म्हून तिला नुस्ता कोरा चा देताय!"