हत्ती चढला तरी

आमचे हे सुतार. चाळीस वर्षं कपाटं केली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच वाक्य ऐकवलं, "हत्ती चढला तरी हलणार नाही." हत्ती कुणाकडेच नव्हता, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं.

मग एका गिऱ्हाइकाच्या तीन वर्षांच्या मुलानं यांच्या कपाटाचे ड्रॉवर ओढले, त्यांच्या पायऱ्या केल्या आणि चढला. कपाट पुढे कलंडलं. नशीब, समोर पलंग होता. कपाट त्याच्या कडेवर अडकलं आणि मूल खालच्या फटीत सुखरूप सापडलं. ते ऐकल्यावर हे दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी यांनी रांगायला सुरुवात केली. जुन्या गिऱ्हाइकाचं दार ठोठावायचं, पिशवीतून ड्रिल आणि कपाट भिंतीला जखडायच्या लोखंडी पट्ट्या काढायच्या, आणि थेट गुडघ्यांवर. "मुलाच्या उंचीवरून बघितल्याशिवाय कळत नाही," म्हणे! अडुसष्ट वर्षांचा मिशाळ माणूस लोकांच्या बैठकीच्या खोलीत रांगतोय, हाताला लागेल ते ओढून बघतोय. एका बाईंनी पोलिसाला बोलावलं. त्याच्याही घरी यांचंच कपाट निघालं. संध्याकाळी हे त्याच्याकडे रांगत होते. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी एकच कपाट राहिलं, लेकीला लग्नात दिलेलं. नात वर्षाची, दिसेल त्यावर चढणारी. पण विहीणबाईंनी नुकत्याच भिंती रंगवून घेतल्या होत्या.

"एकही भोक पाडायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच म्हणाला होतात ना, हत्ती चढला तरी?"

"खोटं बोललो होतो," हे म्हणाले.

इतक्या वर्षांच्या संसारात यांनी चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकली. मला भरून आलं. विहीणबाई मात्र ढिम्म. तेव्हा यांनी तिन्ही ड्रॉवर बाहेर ओढले आणि मी नातीला कडेवर घेऊन "अहो, अहो" करेपर्यंत मधल्यावर पाय ठेवून उभे! कपाट झुकलं. विहीणबाई धावल्या आणि दोन्ही हात, खांदा, कपाळ लावून त्यांनी ते अडवलं. हे शांतपणे खाली उतरले.

"अगदी अस्संच धरा," म्हणाले, आणि ड्रिलची वायर घेऊन प्लग शोधायला रांगत निघाले.

चार भोकं पडली. विहीणबाईंच्या केसांत भिंतीचा भुगा. मी नातीला खाली ठेवलं, तर ती तुरुतुरु कपाटाकडे. खालचा ड्रॉवर ओढला, एक पाय आत टाकला, मग दुसरा. कपाट तसूभरही हललं नाही.

विहीणबाई मात्र मटकन बसल्या, रांगतच नातीपाशी गेल्या आणि तिला पोटाशी घट्ट धरलं. थोडा वेळ तशाच खाली बसून इकडेतिकडे बघत राहिल्या.

"व्याहीबुवा," त्या म्हणाल्या, "तो टीव्हीपण लटपटतोय हो. पट्ट्या उरल्यात का?"