बजर वाजला की गाडी बाजूला

अपडाऊन करणाऱ्यांच्या गोष्टी घरापर्यंत पोचतच नाहीत. निम्म्या जाताना सांगून होतात, उरलेल्या येताना. संध्याकाळी बायकोने विचारलं, आज काय झालं, की आम्ही म्हणतो, काही नाही. वर्धा ते तळेगाव अशा किती गोष्टी आमच्या गाडीत साचल्या, सांगता येणार नाही. त्यातल्या निम्म्या एकट्या बजरच्या आहेत.

गाडी मधुभाऊंची, जुनी डिझेल. भाऊ तळेगावला जनावरांच्या दवाखान्यात, गजभिये सर शाळेत विज्ञान शिकवतात, नंदाताई अंगणवाड्यांच्या सुपरवायझर आणि मी बँकेत. चौघांच्या जागा ठरलेल्या. उशीर करणाऱ्याने एसटीने यायचं, हाही नियम ठरलेला.

मे महिन्यात खरांगण्याच्या पुढे गाडीतून करपल्यासारखा वास आला. टेम्परेचरचा काटा मात्र खाली निवांत बसलेला. पाइप फुटून इंजिन थंड ठेवणारं सगळं कूलंटचं पाणी वाहून गेलं होतं, आणि तो काटा पाणी किती तापलं तेवढंच सांगतो. पाणीच नाही तर सांगणार काय? इंजिन उघडावं लागलं. मिस्त्री म्हणाला, या वेळी वाचलं, पुन्हा तापलं तर थेट भंगार.

भाऊंचा चेहरा उतरला. वर्ध्याला लागूनच सिंदी मेघेला घरी त्यांची आई. तिला दम्याचा त्रास, आणि घर सोडून तळेगावला राहायला ती तयार नाही. दिवसभर शेजारच्या काकू बघतात, पण संध्याकाळी भाऊंनी पोचायलाच हवं. एसटीचा काय भरवसा? गाडी गेली तर त्यांचं रोज घरी येणंच गेलं. म्हणून नालवाडीच्या एका इलेक्ट्रिशियनकडून त्यांनी कूलंटच्या टाकीत एक सळई बसवून घेतली. पाणी सळईच्या खाली गेलं की डॅशबोर्डखाली बजर वाजणार. वाजला की गाडी बाजूला, इंजिन बंद. यात चर्चा नाही, असं भाऊंनी आम्हाला शपथ घातल्यासारखं सांगितलं.

* * *

पहिल्याच दिवशी बजर प्रत्येक वळणावर वाजला. वळणावर टाकीतलं पाणी एका बाजूला जायचं आणि सळई उघडी पडायची. भाऊ दर वेळी थांबायचे, बॉनेट उघडायचे, पाणी बघायचे, बॉनेट लावायचे. एकाच एसटीला आम्ही पुन्हा पुन्हा ओव्हरटेक केलं आणि तिने आम्हाला. शेवटी कंडक्टरने खिडकीतून मान काढून विचारलं, "काऊन जी, तुमी आमच्या सोबतच येऊन राह्यले का?"

इलेक्ट्रिशियनने मग तो थोडा थांबून वाजेल असं करून दिलं. पण त्या थांबण्याचीही भाऊंना भीती. तेवढ्यात इंजिन गेलं तर?

* * *

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. टाकीत क्षार धरतील म्हणून गजभिये सरांनी एका रविवारी पुढाकार घेतला. सगळं जुनं काढून, धुऊन, त्यांनी बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी काठोकाठ भरलं. कूलंट नंतर आणू म्हणाले. सोमवारी वाटेतल्या आंजी गावाच्या आधीच बजर सुरू झाला आणि थांबेचना. टाकी भरलेली दिसतेय, बजर म्हणतो रिकामी! चौघं टाकीत डोकावून उभे.

अचानक सर हसायला लागले. शुद्ध पाण्यातून वीज जात नाही, त्यामुळे सळईच्या लेखी टाकीत पाणीच नव्हतं. दरवर्षी मुलांना हेच शिकवतो, म्हणाले, आणि इतके खूश झाले की रस्त्याच्या कडेला आमचा तास घ्यायला लागले.

नंदाताई घड्याळ बघत म्हणाल्या, "सर, मंग थोडंसं अशुद्ध करा नं. मले मीटिंग आहे."

गाडी थंड झाल्यावर थोडं पाणी काढून सरांनी आपल्या बाटलीतलं ओतलं. बजर गप्प. संध्याकाळी परतताना आधी कूलंट विकत घेतलं.

* * *

हळूहळू भाऊंना बजर सगळीकडे ऐकू यायला लागला. सरांच्या शाळेत निरोप समारंभ होता, आम्हालाही बोलावणं होतं. पाहुण्यांचं भाषण रंगात आलेलं असताना माइकने शिट्टी मारली. भाऊ ताडकन उठून ओरडले, "बाजूले घ्या!"

पाहुणे बिचारे खरंच बाजूला झाले. त्यांचं भाषण तिथेच संपलं, आणि टाळ्या जोरात पडल्या.

* * *

मग महिनाभर बजर वाजलाच नाही. माणसाला बरं वाटायला हवं ना? भाऊंची झोप गेली. बजर बिघडला असेल तर कळणार कसं? म्हणून ते रोज सकाळी सळईची वायर काढून तो वाजवून बघायला लागले. सगळी गल्ली जागी व्हायची. आई आतून विचारायची, "झाली का रे तुही आरती?"

आम्ही हसायचो खरे, पण वाजल्याशिवाय गाडीत बसायला मीही घाबरायचो.

* * *

मागच्या हिवाळ्यात आईने हट्ट धरला, आर्वीजवळच्या माहेरी बारसं आहे, मला न्या. भाऊंनी नेलं. नंदाताई त्यांच्याच गल्लीतल्या, त्या सोबत गेल्या. परत येताना दुपारी आईला दम लागला. पंप मारून काही होईना. नंदाताईंनी मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेतलं. भाऊंनी वर्ध्याच्या दवाखान्याकडे गाडी पिटाळली.

आंजी मागे पडली आणि बजर वाजायला लागला. वळण नव्हतं, रस्ता सरळ होता.

नंदाताई ओरडल्या, "भाऊ, बजर!"

भाऊंनी गाडी बाजूला घेतली नाही. एक हात डॅशबोर्डखाली घातला, बजरचीच वायर ओढून तोडली आणि पाय तसाच दाबून ठेवला. नंतर करपल्याचा वास आला, मग खडखडाट. दवाखान्याच्या फाटकातून आत शिरल्यावर गाडी स्वतःच बंद पडली. ती पुन्हा चालू झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सर आणि मी भेटायला गेलो. नंदाताई तिथेच होत्या. आईला ऑक्सिजन लावलेला, पण डोळे उघडे. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. इंजिनाचं काय, हे विचारायची आमची छाती होईना. शेवटी सरांनी हळूच विचारलं, बजर वाजला होता का?

"बरोबर वाजला सर," भाऊ म्हणाले. "मशीनमधी काई दोष नाई."

आईने हाताने भाऊंना जवळ बोलावलं. मास्क बाजूला केला.

"थो आवाज काऊन बंद केला रे? त्याच्याच भरोशावर तं मी जागी होती."