फोन लागतो म्हणजे बरा असशील

मित्रांनो, आज एक काम फत्ते झालं. इथं सांगतोय, कारण ऑफिसात कुणाला पत्ताच नाही.

नगरच्या आमच्या कंपनीत हजेरी, पगार आणि स्टोअर अशा तीन साईट तीन वेगळ्या सर्व्हरवर आहेत. त्यांच्यापुढे आज मी रिव्हर्स प्रॉक्सी बसवला. आता बाहेरून येणाऱ्याला पत्ता एकच. प्रॉक्सी दारात उभा राहतो, ज्या सर्व्हरचं काम त्याच्याकडे पोचवतो आणि उत्तर आणून देतो.

सगळं सुरळीत चाललं, म्हणून कुणी माझ्याकडे फिरकलंच नाही. डबा एकट्यानंच खाल्ला.

तेवढ्यात आईचा फोन आला. आईवडील पाथर्डीहून ऊसतोडीला गेलेत. फडात रेंज आली की आई मलाच लावते, कारण मी लगेच उचलतो.

"ताईला इचार, पोराचा ताप उतरला का. अन् चुलत्याला म्हनाव, म्हशीला दोनदा पानी पाजा. काय म्हनत्यात ते मला सांग."

दोघांना फोन केले, त्यांची उत्तरं आईला कळवली.

"बरं झालं. ठिवू का?"

"आई, मला काही न्हाई का इचारायचं?"

"तुला काय इचारायचं? तुझा फोन लागतो म्हंजी तू बराच असशील."

सर्व्हरचं मीही असंच बघतो. उत्तर आलं की पुढं जातो.

तुमच्या घरी सगळ्यांचे निरोप पोचवणारं कोण आहे? तुम्हीच असाल, तर सांगा, आज जेवलात का?