परिशिष्टातलं नाव

पत्रकं लिहिणारा माणूस काही पोटात ठेवत नाही, असा माझा लौकिक आहे. चौकात उभं राहून मी ज्यांची ज्यांची नावं घेतली, ती सगळ्या शहरानं ऐकली. पण ही एक गोष्ट — ना घरी बोललो, ना चळवळीतल्या मित्रांजवळ. तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट कळत नाही.

दुष्काळाची वर्षं होती. धरण तळाला गेलेलं, आणि शहर मात्र फुगत चाललेलं. चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या मागं गुंठेवारीच्या प्लॉटांवर वस्त्या वाढत होत्या — नळ नाही, आला तर टँकर. त्याच वस्त्यांवर मी पीएच.डी. करत होतो. तिथं एक मावशी राहायच्या, वैजापूरकडच्या, कंपनीत साफसफाईला जाणाऱ्या. वस्तीच्या नावानं निघालेला टँकर समोरच्या इमारतीच्या बांधकामावर रिकामा होताना त्यांनी पाहिला होता. एकदा नाही, कितीतरी वेळा. टँकर कुणाचा, पाणी कोण विकतं — सगळं त्यांनी मला सांगितलं. अट एकच.

"भाऊ, माझं नाव नका घालू. मला इथंच राहायचंय."

मी शब्द दिला.

आता थोडं प्रबंधाच्या समासांबद्दल. तुम्ही म्हणाल, त्यांचा या गोष्टीशी काय संबंध? आहे. माझे मार्गदर्शक सर पहिला मसुदा वाचून हसले होते. "हे पत्रक आहे का प्रबंध? खाली जिंदाबाद लिहायचं राहिलं वाटतं." विभागात ते वाक्य आठवडाभर फिरलं. मला लागलं. इतकं लागायला नको होतं — पण लागलं. मग ठरवलं, माझ्या प्रबंधात कुणाला टाचणीएवढी खोट सापडता कामा नये. बांधणीच्या बाजूला दीड इंच समास, तळटिपा एकसारख्या, संदर्भसूची वर्णानुक्रमे. ज्या नियमांची मी आयुष्यभर टर उडवली, ते मी पाठ केले.

शेवटी सरांनी परिशिष्ट 'क'वर बोट ठेवलं. मुलाखत दिलेल्यांची यादी, कुणी कशाबद्दल सांगितलं त्या रकान्यासह. "एवढा एकच नावाचा रकाना कोरा कसा? परीक्षक म्हणतील, पोरानं घरी बसून लिहिलंय. पूर्ण करा."

काय बोलायला हवं होतं मी? अधिकाऱ्याच्या गाडीपुढं आडवा पडलेला माणूस मी — सरांपुढं नुसती मान डोलावली. नावाऐवजी क्रमांक चालेल का, एवढंही विचारलं नाही. चालला असता. पुढं ग्रंथालयात पाहिलं, सरांच्याच एका विद्यार्थिनीच्या प्रबंधात सगळे क्रमांकच होते, आणि प्रमाणपत्रावर सरांची सही. पण मी विचारलं नाही. खोलीवर आलो, आणि मावशींचं नाव, वय, गल्ली — मीच टाइप केलं. रकाना भरल्यावर पान किती देखणं दिसलं, हेही आठवतंय.

एवढ्यावर थांबलो असतो, तर ती प्रत कदाचित कपाटातच राहिली असती. पण आमच्याकडं पीएच.डी.ची तोंडी परीक्षा खुली असते. कुणीही येऊन बसावं, टेबलावरची प्रत चाळावी. सहसा नातेवाईक येतात आणि समोसे खाऊन जातात. मी काय केलं? पत्रक छापलं. 'टँकरचोरीचं सत्य विद्यापीठात — सर्वांनी यावं.' सवय, दुसरं काय? सभागृह भरलं. टँकरवाल्याचा पुतण्याही आला. मागच्या रांगेत बसून निवांत शेवटची पानं चाळत होता. मग त्यानं मोबाइल काढून परिशिष्टातल्या यादीच्या पानाचा फोटो घेतला. मी समोरून पाहिलं — आणि पुढची स्लाइड लावली.

त्यानंतर टँकर मावशींच्या गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा आणि वळायचा. ड्रायव्हर काच खाली करून म्हणायचा, "तुमच्यात लई हुशार बाई हाय म्हणं. तिलाच मागा की पाणी." शेजारणींनी आधी टँकरवाल्याला शिव्या घातल्या. नंतर मावशींना. मी निवेदनं दिली, धरणं धरलं, आणखी पत्रकं काढली. एक घागर पाणी आलं नाही. आणि त्या पत्रकांत मी सगळं लिहिलं — नाव बाहेर कुणी काढलं, ते सोडून.

मावशींनी खोली सोडली त्या दिवशी गेलो होतो. भावाकडं निघाल्या होत्या, टेम्पोत सामान भरत होत्या.

"नाव कसं वो गेलं, भाऊ?" एवढंच विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर — नाही, असता तरी मी तेच बोललो असतो.

टाइप करणाऱ्यानं चुकून घातलं, असं मी सांगितलं.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "त्याला काय ठावं. पोटासाठी करत असंल बिचारा. त्याला बोलू नका काही."

मी बरं म्हणालो, आणि त्यांचा रिकामा ड्रम वर चढवायला हात लावला.