काळं न पडणारं तेल

समईची बैठक तेवढी घासून झाली होती. खांब आणि वरची वाटी अजून तशीच काळवंडलेली. चिंच नि राख पुढ्यात घेऊन मनकर्णाबाई अंगणातल्या दगडावर बसल्या होत्या. समोर उभ्या ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून पुंडलिकनं, त्यांच्या जावयानं, ऑइल मोजायची पट्टी ओढली, फडक्यानं पुसली, पुन्हा आत घालून काढली. पट्टीच्या टोकाला काळंकुट्ट तेल चमकलं.

मनकर्णाबाईंचा राखेचा हात थांबला. गेल्या शनिवारी ह्याच इंजिनात मधासारखं नवं तेल ओतताना त्यांनी पाहिलं होतं. एका आठवड्यात त्याचं काजळ झालं?

तेल ओळखण्यात मनकर्णाबाईंचा हात मुकुंदवाडीत कुणी धरत नसे. करडीचं तेल आणायला त्या घाण्यावर स्वतः जात. थेंब तळहातावर घेत, चोळत, हुंगत, उन्हाला धरत, आणि घाणेवाला समोर उभा असतानाच 'भेसळ हाय' म्हणून मोकळ्या होत. शनिवारी तेल घरात येत नसे. तो शनिमहाराजांचा वार. त्या दिवशी तेल देवाला घालायचं, विकत आणायचं नाही. त्यांचे मालक आप्पासाहेब असेपर्यंत हे सगळं स्वयंपाकघरापुरतं होतं. ते गेले, जमीन त्याआधीच शहराच्या पोटात गेली होती, आणि मागे राहिला एक ट्रॅक्टर. मग बाईंनी त्याच्यामागं पाण्याची टाकी लावली. करमाडकडच्या विहिरीवरून पाणी भरायचं आणि नव्या नव्या बिल्डिंगींना घालायचं. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. शहर वाढत होतं, नळ सुकत होते, आणि ट्रॅक्टरची किल्ली रोज संध्याकाळी बाईंच्या कमरेच्या पिशवीत परत जात होती.

चालवायला जावई होता. वैजापूरकडची त्याची विहीर आटली, तेव्हा लेक प्रेरणा त्याला घेऊन माहेरी आली. बाईंनी दोघांना ठेवून घेतलं, पण त्याला नावानं कधी हाक मारली नाही. दोन वर्षं घरच्या ताटवाटीत जेवणाऱ्या माणसाला त्या 'पाव्हणं' म्हणत. ऐकणाऱ्याला तो मान वाटे. पुंडलिकला त्यातलं नख बरोबर लागायचं.

त्या दिवशीही त्यांनी तशीच हाक मारली. टाकीच्या तळाशी उरलेलं पाणी न्यायला गल्लीतल्या बायका हंडे घेऊन आल्या होत्या. ऐकायला माणसं होती.

"पाव्हणं, नवं तेल काढून विकलं कुठं? की सासूला आंधळी समजला?"

पुंडलिकनं समजावून सांगायचा प्रयत्न केला. डिझेलच्या इंजिनात काजळी होते. चांगलं ऑइल ती काजळी स्वतःच्या अंगावर घेतं, म्हणून काळं पडतं. काळं पडलं म्हणजे ते काम करतंय. ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलेल्या नंबरचंच त्यानं आणलं होतं. पूर्वी वर्षातून एकदा, दसऱ्याला पूजा करताना ऑइल बदललं तरी चालायचं, कारण ट्रॅक्टर शेतात पेरणीपुरता चाले. आता तो दिवसभर टाकी ओढतो, मग पंपासाठी उभ्या उभ्याही चालू राहतो. इंजिनाचे ठरलेले तास भरले की बदलावंच लागतं.

"म्हणून शनिवारी आणलंत."

"उंबऱ्याच्या आत नाय आणलं, मामी. डबा बाहेरच ठेवला होता."

"म्हंजी ठाव होतं. ठाव असून केलं." बाई बायकांकडे वळल्या. "माझ्या समईत कधी काजळी साचू दिली का मी? आन् हे मला शिकवायलेत, काळं तेल चांगलं असतं म्हणून."

बायका हसल्या. पाणी ज्याच्या टाकीतून घ्यायचं त्याच्या बोलण्यावर हसावं लागतं. पुंडलिकनं पट्टी जागेवर खोचली आणि बॉनेट लावलं. समई तशीच अर्धी राहिली.

पुढच्या शुक्रवारी आंघोळ-पूजा उरकून मनकर्णाबाई स्वतः ऑइलच्या दुकानात गेल्या. पदराआडून वाटी काढून त्यांनी गल्ल्याच्या फळीवर ठेवली. दुकानदारानं गाडी कोणती, काम काय, पुस्तकात काय नंबर दिलाय, असं विचारलं. पुंडलिकचेच शब्द ह्याच्या तोंडी ऐकून बाईंची खात्री झाली, की दोघांचं आतून जमलेलं आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही नुसतं तेल दाखवा. ट्रॅक्टरचं ऑइल त्यांनी बोटावर चोळलं. रंग मधासारखा गडद, वास उग्र. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या एका साध्या डब्यावर गेली. ते जुन्या पाणउपशाच्या मशिनींचं तेल, अजून कुणी कुणी मागतं म्हणून ठेवलेलं. उन्हाला धरलं तर करडीच्या तेलासारखं आरपार. दुकानदार नको म्हणाला, ते ह्या कामाचं नाही म्हणाला. बाईंनी डबा उचलला.

घरी येऊन त्यांनी डब्याला हळदकुंकू लावलं आणि पुंडलिकला ट्रॅक्टरखाली घातलं. जेमतेम पंधरवड्याचं ऑइल घमेल्यात काढून टाकताना तो एकदाच म्हणाला, "मामी, हे तेल ट्रॅक्टरचं नाय. इंजिन जाईल."

"इंजिन माझ्या मालकाचं हाय. तुमचं काय हाय इथं?"

प्रेरणा दारात भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं डबा उघडला आणि तेल ओतलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी बाईंचा एक नवा नेम सुरू झाला. देवापुढं दिवा लावायचा, मग अंगणात येऊन पुंडलिककरवी पट्टी काढवायची आणि पाण्याला आलेल्या बायकांना दाखवायची. तेल पिवळंधमक. आठ दिवसांनी तसंच, पंधरा दिवसांनीही फार तर जरा मळकं. "चोरी थांबली की तेल उजळलं," असं त्या म्हणत, आणि प्रत्येक वेळी 'पाव्हणं, जरा वर धरा' म्हणून पट्टी त्याच्याच हातानं वर धरवत. बायका आता हसायच्याही बंद झाल्या होत्या. खाली बघून हंडे भरायच्या. गल्लीतल्या पोरांनी मात्र ते 'जरा वर धरा' उचललं. पुंडलिक कोपऱ्यावरून गेला की मागून ऐकू यायचं.

इंजिन तापतंय, चढाला दम तोडतंय, असं त्यानं दोनदा सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, वरकमाई बुडाली की माणसाला सगळंच तापतं.

मग एका दुपारी भरलेली टाकी घेऊन करमाडकडून येताना चढावर इंजिनानं कण्हल्यासारखा आवाज केला आणि ते जागीच जाम झालं. पाणी रस्त्यावर सोडून द्यावं लागलं. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला दोर बांधून ट्रॅक्टर अंगणात आणला, तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली.

सांडू मेस्त्रीनं खालचं चेंबर खोललं. आधी घमेल्यात पडलं ते पातळ, बऱ्यापैकी स्वच्छ तेल. मग त्यानं चेंबर उपडं करून बोट फिरवलं, तर तळाला डांबरासारखा घट्ट थर. तेल वर ओढणारी जाळी त्यानं पार बुजलेली. सगळी काजळी खाली बसली होती. तेलानं ती अंगावर घेतलीच नव्हती. मेस्त्रीनं बोट फडक्याला पुसलं. क्रँक खरवडून निघालाय, आता हे इंजिन भंगारातच, असं त्यानं सांगितलं, आणि मान वर करून विचारलं, "हे तेल घातलं कुणी?"

पुंडलिक उभा होता. प्रेरणा उभी होती. हंडेवाल्या बायका उभ्या होत्या, आणि डबा कुठून आला हे त्यांतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. मनकर्णाबाईंनी देवघराकडे एकदा पाहिलं. खोटं बोलणं त्यांना वर्ज्य होतं. त्यांनी शब्द निवडून घेतले.

"पाव्हण्यांनी. त्यांच्याच हातानं."

पुंडलिकनं डिझेलच्या फडक्यानं दोन्ही हात सावकाश पुसले.

"व्हय मामी," तो म्हणाला. "हात माझेच होते."

तो आत गेला नाही. कपड्यांची पिशवी प्रेरणाच घेऊन आली. उंबऱ्यावर थांबून तिनं आईला एवढंच विचारलं, "माय, ते तेल शुक्रवारचं होतं ना?"

मग ती नवऱ्यामागून गल्लीबाहेर निघून गेली. चार दिवसांनी कळलं, की पाण्याचाच धंदा करणाऱ्या सर्जेरावनं नवा टँकर घेतलाय आणि त्यावर पुंडलिकला ठेवलंय. दोघं स्टेशनापलीकडं एका खोलीत राहतात. सर्जेराव त्याला नावानं हाक मारतो.

ट्रॅक्टरवर ताडपत्री पडली. बाईंच्या घरचा ड्रम आजवर टाकीच्या पहिल्या पाण्यानं भरायचा. तो आधी अर्धा झाला, मग तळाला गेला. तळाशी राहिलेलं वाटीभर त्यांनी पूजेला वापरलं.

पुन्हा शुक्रवार आला. मनकर्णाबाईंनी अंगणातल्या दगडावर बसून समईची वाटी घासली, खांब घासला, आणि खळबळायला ड्रममध्ये तांब्या घातला. तांब्या तळाला कोरडा वाजला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला, बायकांची पळापळ झाली, आणि कुणीतरी पोरगं ओरडलं, पुंडलिकमामा आला.

राख लागलेली समई तशीच दगडावर ठेवून बाई उठल्या. पदर डोक्यावरून पुढं ओढला, दोन हंडे घेतले, आणि सर्जेरावच्या टँकरवर पाणी आणायला निघाल्या.