सिमेंटचा किल्ला

ही गोष्ट मी मृणालला, म्हणजे माझ्या बायकोला, अजून सांगितलेली नाही. माझा पगार, माझं कोलेस्टेरॉल, कॉलेजातल्या एका मुलीचं नाव — सगळं तिला ठाऊक आहे. ही एवढीच राहिली. राहिली कसली — मी ठेवली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या सोसायटीत राहत नाही.

सुरुवात कुठून करू? किल्ल्यापासून करायला हवी. पण नको, आधी गायकवाड काकू.

आमची सोसायटी टेकडीच्या पायथ्याशी आहे. पुढे रस्ता, मागे कंपाऊंडची भिंत, आणि भिंतीपलीकडे बराच खाली ओढा. ओढ्यात पाण्यापेक्षा प्लॅस्टिक जास्त. तळमजल्यावर गायकवाड सर आणि काकू राहायचे. सर महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. हॉलमध्ये बुद्धाची तसबीर, तसबिरीखाली सोफा, आणि सोफ्यावर कायम आमची सई. मी आणि मृणाल दोघंही आयटीत. सकाळी हिंजवडीची बस पकडायची, आणि तिकडे क्लायंट झोपेतून उठला की इकडे आमची संध्याकाळ संपायची. शाळा सुटल्यावर पोरगी कुठे जाणार? काकूंनी कधी विचारलं नाही, आम्ही कधी विनंती केली नाही. ती आपली जायला लागली. वरण-भात, पाढे आणि तिरकस बोलणं — माझ्या मुलीला तिन्ही गोष्टी त्या घराने शिकवल्या. मी संध्याकाळी तिला घ्यायला खाली गेलो की काकू मला आधी बसवायच्या, खायला घालायच्या आणि मग ओरडायच्या. "मंदार, पोरीचे केस कुणी कापले रे? बागेतला माळी आला होता का?" केस मी कापले होते.

माझा त्या दोघांवर फार जीव आहे. हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकल्यावर तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

तर किल्ला. दिवाळीत पुण्यात पोरं मातीचा किल्ला करतात, हे तुम्हाला सांगायला नको. बाप करतात आणि पोरं शेजारी उभी राहून बघतात, हे मात्र सांगायला हवं. आमच्या सोसायटीत स्पर्धा असायची. माती सर आणायचे. लोणी काळभोरला त्यांच्या भावाचं शेत आहे, तिथून पोत्यांत भरून, चाळून. सगळ्यांना सारखी वाटायचे. आम्ही चिखल करायचो, दगड रचायचो, वर अळीव पेरायचो, गेरूने तट रंगवायचो. सिंहासनावर महाराज, खाली मावळे, पायथ्याशी एक गवळण. सरांची माती इतकी मऊ की सईच्या बोटांचे ठसे बुरुजांवर तसेच राहायचे. आणि दरवर्षी शेजारची विंग पहिली यायची.

एका वर्षी मी ठरवलं की पुरे झालं. नवी नोकरी, नवी गाडी, हातात पैसा खेळत होता, डोक्यात जरा हवा गेली होती. सरांना म्हणालो, "सर, यंदा माती नको. यंदा विटा आणि सिमेंट." सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "अस्सं. महापालिकेचा परवाना काढलात का, मंदारराव? नाहीतर अतिक्रमणवाले येतील." मी हसलो. पोती तशीच जिन्याखाली पडून राहिली. सरांना ते लागलं होतं.

किल्ल्याची जागा मी निवडली ती मागच्या भिंतीचा कोपरा. तिथे उंचवटा होता आणि भिंतीचा आडोसाही. पण त्याच कोपऱ्यात, भिंतीच्या तळाशी, एक मोठं चौकोनी भोक होतं. रस्त्यावरून, टेकडीवरून आमच्या आवारात येणारं सगळं पाणी उताराने मागे यायचं आणि त्या भोकातून ओढ्यात पडायचं. सोसायटीत त्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. माझं होतं. मी गुडघ्यावर बसून त्यात हात घालून पाहिला होता. आणि मग ते विटांनी बुजवलं. अगदीच बेजबाबदार वाटू नये म्हणून मध्ये एक पाईप ठेवला. मनगट जेमतेम जाईल एवढा. परीक्षकांना मी तोच पाईप किल्ल्याची चोरवाट म्हणून दाखवला. त्यांना फार आवडली.

पहिला नंबर आला. काकूंनी सगळ्या सोसायटीला शिरा केला. सिमेंटचाच किल्ला तो, दिवाळीनंतरही कुणी पाडला नाही. मी त्याला ऑइलपेंट दिला. सई पाहुण्यांना हाताला धरून दाखवायला न्यायची. पुढचा पावसाळा आला, जून-जुलैत पाईपातून पाणी व्यवस्थित जात होतं. मी जाता-येता बघायचो. म्हणजे बघा — काळजी होती. कशाची, तेही मला ठाऊक होतं.

आणि मग सप्टेंबरातली ती संध्याकाळ. पुण्याचा पाऊस पूर्वी कसा होता, जुन्या माणसांना विचारा. दिवसभर भुरभुर, छत्री उघडावी की नाही असा प्रश्न पडावा इतपत. अलीकडे तो तसा येत नाही. येतच नाही, आणि आला की अंगावर कोसळतो. त्या संध्याकाळी टेकडीवर ढग फुटल्यासारखा पडला. मृणाल अजून ऑफिसातच होती. माझी बस चौकात अडकली, मी उतरून गुडघाभर पाण्यातून चालत घरी आलो. गेटात शिरलो तर आवाराचा हौद झाला होता. गाड्या अर्ध्या बुडालेल्या, माझी नवी गाडी भिंतीला टेकून डुलत होती. सगळे लोक जिन्यात उभे. कुणी म्हणत होतं ओढ्याला पूर आलाय, ओढा आत घुसलाय.

ओढा आत घुसला नव्हता. मी भिंतीवरून वाकून पाहिलं. ओढा फुगला होता, पण भिंतीच्या बराच खाली वाहत होता. पाणी आमच्याच आवारात साठलेलं होतं, आणि का साठलं होतं ते तिथे एका माणसाला कळत होतं.

सर त्या दिवशी लोणीला गेले होते. पाणी घरात यायला लागल्यावर काकूंनी पहिल्यांदा काय केलं असेल? सईला उचललं, आमच्या घरी आणून सोडलं, शेजारच्यांना तिच्याजवळ बसवलं. मग गॅस आणि मेन स्विच बंद करायला परत खाली गेल्या. तेवढ्यात पाणी चढलं. आतून सोफा तरंगत येऊन दाराला अडकला, बाहेरचं लोखंडी सेफ्टी डोअर पाण्याच्या दाबाने हलेना. दोघंतिघं दाराशी झटत होते. मी मागच्या खिडकीशी गेलो. काकू पलंगावर उभ्या होत्या, पाणी कमरेपर्यंत, दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरलेले. मला बघून म्हणाल्या, "मंदार, सई वर आहे हां. दूध प्यायलीय."

मग म्हणाल्या, "मला पोहता येत नाही रे."

आता सांगतो. इथवर सांगणं सोपं होतं. किल्ला काय, हौसेपायी झाला. माणसाच्या हातून मूर्खपणा होतो. पण ते नव्हतं मला सांगायचं.

मीटरच्या खोलीत पहार असते. मला माहीत होतं. पहार घेऊन कोपऱ्यात जायचं, पाण्याखालच्या चार विटा उचकटायच्या, की पाणी ओढ्यात पडायला लागणार. खिडकीपासून तो कोपरा दिसत होता. पण जिन्यातल्या सगळ्यांनाही तो दिसत होता. अख्ख्या सोसायटीसमोर मी माझाच किल्ला फोडायला लागलो असतो, तर पुढच्या क्षणाला कुणीतरी विचारलं असतं — का? मग काय सांगणार होतो मी? म्हणून मी थांबलो. काकूंना म्हणालो, "घाबरू नका, होतंय सगळं," आणि दाराशी झटणाऱ्यांत जाऊन उभा राहिलो. ढकलायचं नाटक केलं. नाटक नाही म्हणता येणार, जोर लावत होतो. पण त्या दाराने काही होणार नाही हे मला ठाऊक होतं. मागून काकूंची हाक यायची. ओरडत नव्हत्या. "आहात ना रे?" एवढंच. थोड्या थोड्या वेळाने. "आहात ना?"

मी वाट बघत होतो. कशाची? अंधार पडण्याची. लाइट तर गेलेच होते. पाणी काकूंच्या कमरेवर चढत होतं, आणि मी वर आभाळाकडे बघत होतो की कधी एकदा दिसेनासं होतंय.

अंधारलं तेव्हा मी पहार घेतली, "मागे बघून येतो" म्हणालो आणि गेलो. पहिले घाव फुकट गेले. मग एक वीट हलली, आणि पुढचं पाण्याने स्वतःच केलं. सगळा कोपरा ओढ्याकडे ओढला गेला — बुरूज, तट, मावळे, चोरवाट. भिंत धरून उभा होतो म्हणून मीही गेलो नाही. आवारातलं पाणी भराभर उतरलं. जिन्यातून कुणीतरी म्हणालं, ओढा ओसरला. दार उघडलं. काकू गज सोडेनात. त्यांची बोटं मी एकेक करून सोडवली. त्यांनी मला मिठी मारली आणि लहान मुलीसारख्या रडल्या. मीही रडलो. ते खरं होतं. पण त्याचा काय उपयोग?

सकाळी उरलेल्या विटा मी ओढ्यात टाकल्या आणि सगळ्यांना सांगितलं, किल्ला पुरात वाहून गेला. सईने भोकाड पसरलं. काकू चिखलाने भरलेल्या घरातून बाहेर आल्या, तसेच मातीचे हात पुसत, आणि तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "जाऊ दे गं. पुढच्या वर्षी सरांच्या मातीचा करू." मग माझ्याकडे बघून — "किती मेहनत केली होती रे तू."

पुढच्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग झाली. त्यात मी बोललो. प्रोजेक्टर लावून बोललो. बदलतं हवामान, तापलेला समुद्र, टेकड्यांवरची बांधकामं, बुजवलेले ओढे. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. असा पाऊस आता वारंवार येणार, हेही खरं आहे, आणि आलाच आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर पहिल्या रांगेत बसले होते, ते म्हणाले, "उत्तम मांडलंत." जगातली सगळी खरी कारणं मी एका भोकापुढे रचून ठेवली.

त्यानंतर काकूंचं पावसाशी जमेना. आभाळ भरून आलं की त्या पिशवी घेऊन आमच्याकडे वर येऊन बसायच्या. पिशवीत साडी, औषधं आणि सईचा एक फ्रॉक. का, ते विचारायचं मला धाडस झालं नाही. वर्ष काढलं त्यांनी तसं. मग सरांनी घर विकलं आणि वाघोलीला वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. जाताना काकू जिन्यात बसून रडल्या. "पाण्याने उठवलं रे आम्हाला," म्हणाल्या. मी त्यांचं सामान टेम्पोत चढवत होतो.

सई आता नोकरीला लागली आहे. गायकवाडांचा नातू किल्ल्याच्या वयाचा झाला आहे. दरवर्षी दिवाळीच्या आधी काकूंचा फोन येतो. "मंदार, ये बाबा. तुझ्यासारखा किल्ला इथे कुणाला जमत नाही." मी जातो. गॅलरीत किल्ला करतो. माती लोणीचीच, सरांनी चाळून ठेवलेली. सर खुर्चीत पेपर वाचत असतात, दर वेळी विचारतात, "मंदारराव, परवाना काढलात ना?" काकू चहा आणतात आणि अजून मला ओरडतात, आता माझ्या पोटावरून. त्या गॅलरीत मला जेवढं सुख वाटतं तेवढं कुठेच वाटत नाही.

गेल्या दिवाळीत मी तटबंदी थापत होतो आणि काकू नातवाला गोष्ट सांगत होत्या. त्या पुराची. मी ती त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली.

"एवढं पाणी," काकू म्हणाल्या, "ओढा नुसता फुगून आत यायला बघत होता. पण कोपऱ्यात ह्या काकांचा किल्ला होता ना, सिमेंटचा. त्याने अडवून धरलं रे पाणी. किती वेळ अडवून धरलं. तेवढ्यात मी पलंगावर चढले. शेवटी बिचारा वाहून गेला, पण तोवर आजी वाचली होती. मंदारचा किल्ला होता म्हणून आजी आहे."

नातवाने माझ्याकडे पाहिलं. हात मातीने भरलेले, डोळे मोठे झालेले.

"खरं का, काका?"

"हो," मी म्हणालो, आणि बुरुजाला पाणी लावत राहिलो.