आप्पांचे चार स्पीकर आणि आईंची खुर्ची

आप्पांना जाऊन आज वर्ष झालं, आणि आमच्या घरात सकाळपासून ड्रम वाजतोय.

शेजारच्या वहिनींनी विचारलंसुद्धा, "आज वर्षश्राद्ध ना गं?"

हो. म्हणूनच वाजतोय.

आप्पा म्हणजे माझे सासरे. कर्जत तालुक्यात उभा जन्म साउंड सर्व्हिस केली.
लग्न, जत्रा, प्रचारसभा, काही असो. मैदानाच्या मधोमध बांबू रोवायचा, चार दिशांना चार कर्णे बांधायचे. मग एक माणूस पार वेशीपर्यंत पाठवायचा आणि माइकवर ओरडायचं,

"पोचतंय का?"

घरी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकच टोमणा मारायच्या.
"समद्या गावाला ऐकवलं. मला कधी एक गाणं धड बसून ऐकवलं का?"

आप्पा हसण्यावारी न्यायचे. पण त्यांना ते लागायचं.

धंदा बंद केला तेव्हा सामानात एक जुनी परदेशी रेकॉर्ड सापडली. कव्हरवर मोठ्या अक्षरात 'क्वाड्राफोनिक'.

"सूनबाई, ह्ये काय हाय?"

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. म्हटलं, "आप्पा, ही चार स्पीकरची रेकॉर्ड. प्रत्येक कोपऱ्यातून वेगळं वाजतं. पण चार आवाज सुटे करायला डीकोडर लागतो."

"मग बनव की! तुझ्या सासूला मधी बसवू."

दोन महिने दर रविवारी सून आणि सासरे सोल्डरिंगला, नवरा स्वयंपाकघरात.
फार सुखाचे दिवस होते ते. माझ्यासाठी तरी.

डीकोडर झाला. म्हटलं, "स्पीकर लावायचं डिपार्टमेंट तुमचं."

चहा घेऊन आले तर काय! खोलीच्या मधोमध टेबल, त्यावर चार स्पीकर पाठीला पाठ लावून, चार भिंतींकडे तोंड करून.
माणसाला बसायला जागाच नाही.

"आप्पा, तोंडं आत करायची! ऐकणारा मधे बसतो."

ते बघतच राहिले.
"आत? मग गावाला कसं ऐकू जायचं?"

मी हसून हसून खाली बसले. चहा सांडला. मग तेही हसायला लागले.
"आयुष्यात पहिल्यांदा आत तोंड करतोय बघ."

चार कोपऱ्यांत चार स्पीकर, मधे आईंची खुर्ची. आणि आई काही यायला तयार नाहीत.
"मला न्हाई त्या डब्यांच्या मधी बसायचं. डोकं उठतं."

आप्पांनी हात जोडले. खरोखर जोडले.
"एकदा बस. नुसतं एकदा."

बसल्या. फुगून.

सुई टेकली. ड्रम पुढच्या कोपऱ्यातून निघाला, उजवीकडे गेला, मग मागे. आईंची मान त्याच्याबरोबर फिरत गेली. डावीकडून तो परत पुढे आला तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"अगं बया, माझ्याभवती कोण पळतंय ह्ये?"

आप्पा अ‍ॅम्प्लिफायरजवळ उभे. सवयीनं विचारलं, "पोचतंय का?"

"पोचलं," आई म्हणाल्या.

त्या क्षणीचा आप्पांचा चेहरा आठवला की मला आजही आनंदानं रडू येतं.

मग रोज संध्याकाळी रेकॉर्डची एक बाजू, हा नेमच झाला. आप्पांच्या शेवटच्या आठवड्यातही चुकला नाही.

आज सकाळीच नैवेद्य दाखवून झाल्यावर आईंनी स्वतः रेकॉर्ड पुसली. खुर्चीत बसल्या. पुन्हा उठल्या आणि मागचा एक स्पीकर उचलून खिडकीकडे तोंड करून ठेवला.

"आई, तोंड आत हवं ना?"

"तीन हायेत की माझ्यासाठी. ह्यो एक राहू दे भाईर. त्यांच्यापत्तुर गेला पायजे."

आणि आवाज वाढवला.

आप्पा, पोचतंय का?